पीटभूमीवरील वसाहती आणि बांधाचा धर्म

गेली काही वर्षे एका खाजन जमिनीचा दावा माझ्याकडे आहे. हकीकत अगदी साधी. नदीकाठचा एक बांध पावसाळ्यात फुटला, भरतीचे खारे पाणी आत शिरले, आणि पिढ्यान् पिढ्या भात देणाऱ्या शेतांत आज खारफुटीची झाडे डोलत आहेत. बांध कोणी बुजवावयाचा, एवढाच वाद. गांवकरी म्हणते, जमीन कुळांची झाली तेव्हा बांधही त्यांचाच. कुळे म्हणतात, बांध पूर्वापार गांवकरीचा. मानसीचा मक्तेदार म्हणतो, मी पैसे भरले ते मासळीचे. प्रत्येकाच्या हाती कागद आहे आणि प्रत्येकाचा कागद खरा आहे! या दाव्यासाठी पूर्वदाखले शोधता शोधता मी गोव्याच्या बाहेर, फार दूरच्या आणि फार जुन्या एका दलदलीत जाऊन पोहोचलो. तेथे जे वाचावयास मिळाले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या वाचकांपैकी जे इंदूर, बडोदे किंवा हैदराबादेकडे वाढले त्यांच्यासाठी खाजन म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या मुखाकडील भागांत भरतीचे पाणी कित्येक कोस आत येते. त्या पाण्याने बुडणारी चिखलवट जमीन मातीचे बांध घालून मोकळी केली, की तिला खाजन म्हणतात. गोव्यात अशी जमीन सतरा-अठरा हजार हेक्टर असल्याचे सांगतात. बांधात ठिकठिकाणी लाकडी झडपांचे दार असते. त्याला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबानेच झडप मिटते, ओहोटी लागली की आतले गोडे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. ही झडप वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

आता हॉलंड. या देशाशी आपला परिचय अगदीच नाही असे नव्हे. सतराव्या शतकात डचांची जहाजे मांडवीच्या मुखाशी वर्षानुवर्षे वेढा घालून बसत, आणि वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. तिचे भग्नावशेष आजही तेथे उभे आहेत. ज्या लोकांनी आमच्या नद्या तोंडाशी अडविल्या, ते लोक स्वतःच्या देशात हजार वर्षे पाणी अडविण्याचाच धंदा करीत होते, हे मात्र मला उशिरा उमगले.

त्या देशाचा पश्चिम भाग निसर्गाने घडविला तो पीटचा. समुद्रकाठी वाळूचे लांबच लांब बांध आपोआप तयार झाले आणि त्यांच्या आडोशाला नद्यांचे पाणी तुंबून राहिले. त्या पाण्यात बोरू, लव्हाळे, शेवाळे वाढत, मरत आणि तळाशी जात. पाण्याखाली हवा पोहोचत नसल्यामुळे ती पुरती कुजत नसत. अशा अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर हजारो वर्षे एकावर एक साचत गेले, तीच पीट. वाळविली तर ती शेणाच्या गोवरीसारखी जळते. ओली असता तिच्यात बहुतांश पाणीच असते. भिजलेल्या स्पंजाप्रमाणे ती फुगत जाते, त्यामुळे मध्ययुगाच्या आरंभी तेथील पीटचे उंचवटे समुद्रसपाटीहून काही मीटर वर होते. ही गोष्ट विसरू नये. हॉलंड समुद्राखाली आहे हे आपण शाळेपासून ऐकतो. पण तो देश मुळात समुद्राखाली नव्हता. त्याला खाली नेले ते माणसाने, आणि शेती करण्याच्या प्रामाणिक हेतूने नेले. ते कसे, ते यथावकाश सांगेन.

या किनाऱ्यावरील माणसांचे पहिले विस्तृत लेखी वर्णन रोमन ग्रंथकार प्लिनी याने केले. तो पहिल्या शतकात सैन्याबरोबर त्या बाजूस गेला होता. उत्तर समुद्राकाठच्या चाउकी लोकांविषयी तो लिहितो, की दिवसातून दोनदा समुद्र जेथे चढतो तेथे हे लोक हातांनी रचलेल्या उंच ढिगाऱ्यांवर झोपड्या बांधून राहतात. भरतीला ते नावेतल्या खलाशांसारखे दिसतात आणि ओहोटीला जहाज फुटलेल्यांसारखे. त्यांच्याजवळ गुरे नाहीत, झाड नाही. ते हातांनी चिखल उपसतात, वाऱ्यावर वाळवितात, आणि त्याच मातीच्या विस्तवावर अन्न शिजवून थंडीने गारठलेली आतडी शेकतात. पिण्यास पावसाचे साठविलेले पाणी. आणि एवढे असूनही, रोमने जिंकले तर हे लोक त्याला गुलामगिरी म्हणतील, याचे प्लिनीला नवल वाटते. जाळावयाची ती माती म्हणजे पीट, हे सांगावयास नकोच.

प्लिनीच्या साक्षीवर दीड-पावणेदोन हजार वर्षे कोणी उलटतपासणी घेतली नव्हती. ती घेतली कुदळीने. एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांनी हे जुने ढिगारे त्यांतील सुपीक माती खत म्हणून विकण्यासाठी खणून काढावयास सुरुवात केली. अशाने किती वसाहती गाड्यांत भरून नाहीशा झाल्या असतील ते देव जाणे. पुढे १९२३ ते १९३४ या काळात व्हान गिफेन या डच पुरातत्त्वज्ञाने ख्रोनिंगन प्रांतातील एझिंग येथील ढिगारा शास्त्रीय पद्धतीने उकरला. एकावर एक अशा घरांच्या पिढ्या त्याला सापडल्या. कुडाच्या भिंती जागच्या जागी होत्या, कारण ओल्या मातीत लाकूड कुजत नाही. आणि प्रत्येक घरात, जेथे माणसे राहत त्याच छपराखाली, गोठ्याचे कप्पे! जर्मन किनाऱ्यावरील फेडर्सन वीर्डे येथे हार्नागेल याने १९५५ ते १९६३ पर्यंत केलेल्या उत्खननातही हेच दिसले. तेथे तर एका पूर्ण गावाची घरे मध्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मांडलेली होती आणि गोठे गुरांनी भरलेले असावेत असे त्यांचे आकारच सांगतात. गुरे नाहीत, हे प्लिनीचे विधान टिकले नाही. साक्षीदार खोटा नव्हता. तो हिवाळ्यात किंवा उधाणाच्या दिवसांत आला असेल, गुरे आत बांधलेली असतील, आणि त्याने जे पाहिले त्यावरून सगळ्या वर्षाचा निवाडा केला. कोर्टात हा प्रकार आम्ही रोज पाहतो.

ढिगाऱ्यांवरचे हे लोक समुद्राला अडवीत नव्हते. स्वतः उंच होऊन त्याला वाट देत होते. पाणी अडविण्याचा उद्योग त्यांच्या दक्षिणेस, पीटच्या कडांवर सुरू झाला. रॉटरडॅमजवळील फ्लार्डिंगन या गावी लोहयुगाच्या अखेरचे आणि रोमन काळाचे लहान बंधारे सापडले आहेत. ओढ्यांवर घातलेल्या या बंधाऱ्यांच्या पोटातून झाडाचे ओंडके पोखरून केलेल्या मोऱ्या नेल्या आहेत, आणि मोरीच्या तोंडाशी लाकडी झडप आहे. ओहोटीला ती उघडते, भरतीला मिटते. हे वर्णन प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो. आमची मानस! दोन हजार वर्षांपूर्वी, एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या दोन किनाऱ्यांवर, चिखलात उभ्या असलेल्या माणसांनी एकच प्रश्न एकाच लाकडी फळीने सोडविला होता. कोणी कोणाकडून शिकले असा तर्क करण्याचे कारण नाही. भरती-ओहोटी हीच दोघांची गुरू.

ते पहिले प्रयत्न टिकले नाहीत. तिसऱ्या शतकानंतर रोमन सत्ता ओसरली, पाणी वाढले, शेते बुडाली, माणसे गेली आणि पीट पुन्हा वाढू लागली. पुढची अनेक शतके तेथे रान होते.

दहाव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत जे घडले ते मात्र आमच्या, म्हणजे वकिली पेशाच्या माणसाला विशेष गोड वाटावे असे आहे. हॉलंडचे काउंट आणि उट्रेख्टचे बिशप यांनी हे रान गटागटाने शेतकऱ्यांना लावून दिले, तेही लेखी-तोंडी कराराने. अशा कराराला ‘कोप’ म्हणत. त्याचा मूळ अर्थ खरेदीचा सौदा. बॉस्कोप, न्यूकोप, बेनस्खोप ही गावांची नावे अजून त्याची साक्ष देतात. ओढ्याच्या काठी एक सरळ रेषा धरावयाची, तेथे ओळीने घरे बांधावयाची, आणि प्रत्येक घरामागे सुमारे शंभर-सव्वाशे मीटर रुंद आणि सव्वा किलोमीटर लांब असा पट्टा पीटमध्ये सरळ आत न्यावयाचा. दोन पट्ट्यांच्या मध्ये चर. चरांतून पाणी ओढ्यात उतरले की पीटचा वरचा थर सुकला, आणि त्यावर धान्य पेरता आले. विमानातून काढलेल्या छायाचित्रांत हे पट्टे आजही फणीच्या दातांसारखे स्पष्ट दिसतात. या कराराचा पाया प्रथम नीट उलगडला तो व्हान डेर लिंडन याने ‘दे कोप’ या १९५६ च्या ग्रंथात. आणि आश्चर्य असे, की तो ग्रंथ कायद्याच्या इतिहासाचा आहे. जमिनीवरच्या चरांची मापे आणि दप्तरातल्या कलमांची मापे त्याने एकमेकांशी ताडून पाहिली.

कराराचे एक उदाहरण तर कलमवार उपलब्ध आहे. हॉलंडमधील लोकांची कीर्ती पसरल्यावर हांबुर्ग-ब्रेमेनचा आर्चबिशप फ्रीडरिख याने आपल्या मुलखातील दलदल त्यांच्याकडून लागवडीस आणविली. सनदेवर साल ११०६ आहे; काही अभ्यासक ते १११३ मानतात. हाइनरिख नावाचा एक धर्मोपदेशक आणि त्याच्याबरोबरची काही माणसे उट्रेख्टच्या बाजूने आली, आणि जी जमीन आजवर आमच्या लोकांना निरुपयोगी होती ती आम्हांस द्या असे म्हणाली. कलमे अशी: प्रत्येक शेतकऱ्याचा पट्टा ७२० राजकाठ्या लांब आणि ३० रुंद, वार्षिक खंड चांदीचे एक लहानसे नाणे, धान्याची अकरावी पेंढी, आणि कोकरू, डुक्कर, बकरी, हंस, मध, अंबाडी यांचा दहावा वाटा चर्चला. प्रत्येक चर्चसाठी त्या त्या वस्तीने निदान एक पट्टा सोडावयाचा, म्हणजे पुजाऱ्याची तजवीज झाली. आमच्याकडील देवस्थान इनामाची आठवण कोणाला होणार नाही? पण सगळ्यांत महत्त्वाचे कलम पुढे आहे. आपसांतील भांडणे आपणच मिटविण्याचा हक्क राहावा म्हणून हे लोक दर शंभर पट्ट्यांमागे वर्षाला दोन मार्क देण्यास कबूल झाले. एरवी एका नाण्यावर घासाघीस करणाऱ्या शेतकऱ्यांनी या एकाच हक्कासाठी मात्र आपण होऊन पैसे मोजले.

का मोजले? कारण पाण्याचा वाद थांबत नाही. शेजाऱ्याने चर साफ केला नाही तर पाणी माझ्या शेतात उभे राहते. त्याचा निकाल दूरच्या धन्याच्या कचेरीत, त्याच्या सवडीने लागून कसे चालेल? पुढे यातूनच पाणसंस्था निर्माण झाल्या. राइनलंडच्या पाणसंस्थेचे दप्तर १२५५ पर्यंत मागे जाते, आणि ती संस्था आजही काम करीत आहे.

आता पीट खाली कशी गेली ते सांगतो. या इतिहासातील खरा दैवदुर्विलास हाच आहे. चर खणले, पाणी उतरले, आणि हजारो वर्षांत प्रथमच त्या थरांत हवा शिरली. हवा शिरताच थांबलेले कुजणे पुन्हा सुरू झाले. स्पंज पिळल्यासारखी जमीन एकीकडून आकसली, दुसरीकडून अक्षरशः हवेत विरून गेली. जमीन खाली बसली की पाणी पुन्हा वर आले. मग चर अधिक खोल. मग जमीन अधिक खाली. उत्तर हॉलंडमध्ये पुरातत्त्वज्ञांना जुनी खापरे आजच्या गावांपासून दूर, मोकळ्या कुरणात ओळीने सापडतात. जमीन बसून ओली झाली की गावकऱ्यांनी घरे उचलून पीटच्या उंच भागाकडे, आणखी आत नेली. मागे राहिली ती खापरांची रेषा. आत सरकावयास जागा संपली तेव्हा सभोवार बांध घालणे आले. ओहोटीलाही पाणी आपोआप उतरेना, तेव्हा पंधराव्या शतकात पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या आल्या. ओल्या जमिनीत धान्य पिकेना, म्हणून शेतकरी गाई पाळू लागला. ज्या लोणी-चीजसाठी तो देश प्रसिद्ध आहे त्याच्या मुळाशी बुडत चाललेले धान्याचे शेत आहे. भाकरीचे धान्य बाल्टिक समुद्रावरून जहाजांनी येऊ लागले आणि ते देश दर्यावर्दी झाले. या सगळ्याचे एकच कारण पीट, असे मी म्हणणार नाही. पण पीट वगळून तो इतिहास सांगता येत नाही.

हे सगळे तोलून धरले होते ते बांधाच्या कायद्याने. त्याचे मूळ तत्त्व असे, की बांधाचे ऋण जमिनीला चिकटलेले आहे. ज्याचे शेत जितके, त्याच्याकडे बांधाची तितकी लांबी. वर्षातून ठराविक वेळी बांधाचा प्रमुख आणि त्याचे पंच बांधावरून चालत तपासणी करीत. कोणाचा भाग खचलेला आढळला तर ते तो दुरुस्त करवून घेत आणि खर्च दामदुपटीने वसूल करीत. ज्याला आपला भाग राखणे झेपत नसे तो आपली फावडी बांधात रोवून निघून जाई. ती फावडी जो उपटील त्याला जमीन मिळे, आणि तिच्याबरोबर बांधाचा तो भागही मिळे. जमीन ठेवून बांध सोडण्याची वाट कायद्याने कोणालाच ठेवली नव्हती.

ती वाट लोकांनी चोरून काढली तेव्हा काय झाले, त्याचे उत्तर १४२१ च्या नोव्हेंबरात मिळाले. ग्रोटे वार्ड नावाचा सुपीक प्रदेश दोन पक्षांच्या यादवीत सापडलेला होता. बांधांकडे दुर्लक्ष झाले होते, आणि खाऱ्या पीटची राख करून मीठ काढणाऱ्यांनी बांधांलगतची जमीन पोखरली होती. सेंट एलिझाबेथच्या दिवशीच्या वादळात बांध फुटले. ती भूमी पुढे कित्येक पिढ्या परत मिळाली नाही. तिच्यातील मोठा भाग आजही बीसबोश या नावाची पाणथळ आहे. अलीकडे, १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री झीलंडकडील बांध फुटून १८३६ माणसे गेली, तेव्हाही चौकशीचा रोख बांधांच्या निगेकडेच वळला.

येथून आपल्या घरी येऊ. कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मा याचा एक ताम्रपट आपल्या बांदिवड्यास सापडला आहे. श्रीनागेश आणि श्रीमहालक्ष्मीच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचा हा पट एका ब्राह्मणाला एक हल ‘खज्जन’ जमीन देतो, आणि समुद्राचे खारे पाणी बांधाने अडवून तेथे भातशेत करण्याची गोष्ट बोलतो. म्हणजे दानात मिळाली ती तयार जमीन नव्हती. मिळाला तो चिखल आणि त्याला शेत बनविण्याचा अधिकार. ब्रेमेनच्या सनदेहून हा पट निदान चारशे वर्षांनी जुना. पुढे १६ सप्टेंबर १५२६ रोजी अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गांवकारांच्या चालीरीती लिहून काढल्या, त्यांतही मूळकथा अशीच आहे: पूर्वी चार माणसे एका ओसाड बेटावर आली, त्यांनी ती जमीन लागवडीस आणली, वस्ती वाढली, आणि त्यांच्या वंशजांना गांवकार म्हणू लागले. बांधाचा खर्च गांवकरीच्या उत्पन्नातून आधी निघे, वाटे त्यानंतर.

सन १५६० च्या सुमारास आमच्या पूर्वजांना कुशस्थळी, केळशी येथून देव घेऊन नदीपार यावे लागले. मूर्ती रात्रीतून होडीत घालता आली. बांध आणि खाजन मागेच राहिले. पण मागे जे होते ते राखणारे हात निराळेच होते, आणि येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. डोक्यावर चिखलाची टोपली घेऊन भरतीच्या आधी बांध बुजविणारे लोक बहुतांशी गावडे आणि कुणबी होते. गांवकरीच्या वाट्यात त्यांचे नाव क्वचितच असे. कोपच्या करारातील शेतकरी स्वतः खणणारा आणि स्वतःच धनी होता. आमच्याकडे खणणारा एक आणि वाटेकरी दुसरा, अशी फाळणी पहिल्यापासून होती. म्हणून १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्याला मालक केले, यात अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. एक जुना हिशेब चुकता झाला. चूक झाली ती दुसरीकडे. जमीन हस्तांतरित करताना बांधाचे ऋण तिच्याबरोबर पक्के बांधून दिले गेले नाही. कुळांच्या संघांवर ते टाकले, पण संघाच्या हाती ना गांवकरीची जुनी जरब, ना तिचे उत्पन्न. मानसीच्या मासळीचा लिलाव होतो. मक्तेदाराचा लाभ झडप अवेळी उघडी ठेवण्यात, शेतकऱ्याचा ती वेळेवर मिटण्यात. एका फळीवर दोन धन्यांचे हात, आणि ती दुरुस्त करण्यास मात्र कोणाचाच नाही.

हॉलंडची पाणसंस्था म्हणून मला हेव्याचा विषय वाटते. अशा एकवीस संस्था आज त्या देशात आहेत. त्यांच्या निवडणुका होतात, त्या स्वतःचा कर बसवितात, आणि शेतकऱ्याप्रमाणे शहरातला घरमालकही तो भरतो, कारण बांध फुटला तर पाणी दोघांच्याही दारी येणार. त्यांचेही सगळे सुरळीत आहे असे नव्हे. पीटची कुरणे अजून दरवर्षी थोडी थोडी बसत आहेत, आणि कुजणाऱ्या पीटमधून निघणारा वायू हवेला तापवितो म्हणून काही ठिकाणी चरांतील पाणी मुद्दाम पुन्हा वर चढविण्याचे घाटते आहे. हजार वर्षांपूर्वी जे पाणी उतरविण्यासाठी पूर्वजांनी करार केले, ते परत घेण्याच्या वाटाघाटी आता त्यांचे वंशज पाणसंस्थेच्या सभांत करीत आहेत, आणि शेतकरी अर्थातच खळखळ करीत आहेत.

आमच्या दाव्याची जागा पाहण्यास मी गेल्या वैशाखात गेलो होतो. ओहोटी होती. फुटलेल्या तोंडाची रुंदी आता चांगली वीस पावले झाली आहे. सुरुवातीस ती दोन पावले होती आणि एका दिवसाच्या गड्यांनी बुजली असती, असे सोबतच्या वृद्ध कुळाने सांगितले. मानसीची एक झडप चिखलात आडवी पडलेली होती. ती कोणाची, असे मी सवयीने विचारले. त्याने खांदे उडविले. मग वाकून त्याने तिच्यावरचा चिखल हाताने निपटला, लाकूड अजून भक्कम आहे की नाही ते बोटाने ठोकून पाहिले, आणि भरती लागावयाच्या आत आम्ही दोघे परत फिरलो.